डीजेच्या बॉक्सवरचं ‘जेबीएल’ म्हणजे कोण? सिनेमाला खरा आवाज देणाऱ्या जेम्स लॅन्सिंगची गोष्ट

लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो नाहीतर जत्रेतला ऑर्केस्ट्रा, स्पीकरच्या बॉक्सवर तीन अक्षरं हमखास दिसतात. जेबीएल. हातात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरवरही तीच. कधी कधी तर बॉक्स सुताराकडून करून घेतलेला असतो, आतलं युनिट भलत्याच कंपनीचं असतं, पण वर स्टिकर मात्र जेबीएलचं लागतं.

ही तीन अक्षरं म्हणजे एका माणसाचं नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जेम्स बुलो लॅन्सिंग. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे डीजेच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. डॉल्बी हेही माणसाचंच नाव, आणि तेही सिनेमाच्या आवाजातूनच आपल्याकडे आलेलं. पण डॉल्बींच्या कितीतरी आधी लॅन्सिंग यांनी सिनेमाच्या आवाजाचा पाया घातला. गंमत अशी, की आज ज्यांचं नाव सगळ्यात मोठ्या दणक्यावर लागतं, त्या माणसानं उभं आयुष्य दणक्यासाठी नाही, तर आवाज जसा आहे तसा ऐकू यावा म्हणून घालवलं.

कोळशाच्या मुलखातला पोरगा

लॅन्सिंग यांचा जन्म १४ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झाला. तेव्हा त्यांचं नाव जेम्स मार्टिनी होतं. वडील कोळसा खाणींच्या कामात इंजिनिअर होते. घरात चौदा भावंडं. एवढ्या गोतावळ्यात एका पोराकडे कोण किती लक्ष देणार? जेम्सनं आपलं मन वायरी, बॅटऱ्या आणि मोडक्या यंत्रांत रमवलं.

दहाएक वर्षांचा असताना त्यानं विजेचा भार साठवणारी काचेची बरणी घरीच तयार केली आणि सवंगड्यांना झटके देऊन त्यांची मजा घेतली. पुढे त्यानं छोटं रेडिओ प्रक्षेपण यंत्रही जुळवलं. त्याचे संदेश दूरच्या नौदलाच्या तळापर्यंत पोचले आणि अधिकाऱ्यांनी येऊन ते यंत्र मोडायला लावलं, असं घरचे सांगत.

मोठेपणी तो मोटारींची इंजिनं दुरुस्त करू लागला. इंजिनाच्या कामात केसाएवढा फरकही चालत नाही. हाताला लागलेली ही बारीक मापाची सवय पुढे जन्मभर उपयोगी पडली.

१९२४ मध्ये आई गेली. त्यानंतर जेम्सनं घर सोडलं आणि तो सॉल्ट लेक सिटी या शहरात आला. तिथं त्याला रेडिओ स्टेशनवर काम मिळालं. तिथंच ग्लेना पीटरसन यांच्याशी ओळख झाली आणि लग्न झालं. केन डेकर नावाचा जोडीदारही तिथंच भेटला. डेकर व्यवहाराला पक्का, लॅन्सिंग हाताचे पक्के. दोघांनी मिळून स्पीकर बनवायचं ठरवलं.

मार्च १९२७ मध्ये लॉस एंजेलिस इथं लॅन्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी सुरू झाली. त्याच सुमारास जेम्स मार्टिनींनी आपलं नाव बदलून जेम्स बुलो लॅन्सिंग केलं. सुरुवातीला घरगुती रेडिओसाठी लहान स्पीकर बनत. कारखाना लहान होता, पण मालाला खोट नव्हती.

सिनेमा बोलायला लागला, पण नीट ऐकू येईना

१९२७ हेच साल सिनेमालाही महत्त्वाचं ठरलं. अमेरिकेत बोलपट आला. आपल्याकडे १९३१ मध्ये मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. लोक चित्रं विसरून आवाजासाठी गर्दी करू लागले.

पण त्या काळच्या थिएटरातला आवाज ऐकण्यासारखा नव्हता. पडद्यामागे मोठाले कर्णे असत. त्यातून माणसाचं बोलणं कसंबसं कळे, पण ढोलाचा बेस नीट येत नसे आणि झांजेचा बारीक आवाज मधेच विरून जाई. गाणं घशातून नाही, नाकातून म्हटल्यासारखं वाटे.

एमजीएम ही तेव्हा हॉलिवूडमधली फार मोठी कंपनी होती. तिच्या आवाज विभागाचे प्रमुख होते डग्लस शिअरर. बाजारात मिळणाऱ्या स्पीकरवर त्यांचं समाधान होईना. स्टुडिओत एवढ्या मेहनतीनं रेकॉर्ड केलेला आवाज थिएटरात जाऊन मातीमोल होतो, हे त्यांना सलत होतं. शेवटी त्यांनी ठरवलं, आपला स्पीकर आपणच करायचा. जॉन हिलिअर्ड या इंजिनिअरवर काम सोपवलं. आतली युनिटं घडवायला अचूक हाताचा कारागीर हवा होता. तो लॅन्सिंग यांच्या रूपात मिळाला. लॅन्सिंग यांच्याकडे जॉन ब्लॅकबर्न नावाचे शास्त्र जाणणारे तरुण सहकारीही होते.

उपाय असा होता, की सगळा भार एकाच स्पीकरवर टाकायचा नाही. बेससाठी पंधरा इंची मोठे स्पीकर वेगळे, आणि वरच्या बारीक आवाजासाठी कर्ण्याला जोडलेलं युनिट वेगळं. मधे क्रॉसओव्हर, म्हणजे कुठला आवाज कुणाकडे पाठवायचा हे ठरवणारं सर्किट. आज डीजेवाल्या पोरांना ही विभागणी पाठ असते. ती सिनेमाच्या थिएटरात रुळली ती या कामातून.

टाचेचा ठोका दोनदा का वाजला?

या कामात एक अडचण आली ती नाचामुळे. इलेनॉर पॉवेल ही तेव्हाची नावाजलेली नर्तिका. तिचा नाच म्हणजे बुटाच्या टाचा जमिनीवर खटाखट वाजवत केलेला. दोन भागांच्या मोठ्या कर्ण्यावर तो ऐकला, तर एका ठोक्याचे दोन ठोके येऊ लागले. रेकॉर्डिंगमध्ये तर एकच ठोका होता.

कारण शोधलं तेव्हा कळलं, की बेसचा कर्णा घडी घातल्यासारखा लांब होता आणि वरच्या आवाजाचा कर्णा आखूड. आवाजाला एक फूट जायला सेकंदाचा सुमारे एक हजारावा भाग लागतो. दोन कर्ण्यांच्या वाटेत काही फुटांचा फरक पडला, की एकाच ठोक्याचा जाड भाग मागे राही आणि बारीक भाग पुढे निघून येई. कानाला ते दोन ठोके वाटत. मग दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या केल्या. दोन्ही भाग बरोबर पोचले आणि ठोका पुन्हा एक झाला.

ही व्यवस्था पुढे शिअरर हॉर्न या नावानं ओळखली गेली. १९३० च्या दशकाच्या मध्यावर ती थिएटरांत बसू लागली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं शिअरर आणि एमजीएमच्या आवाज विभागाला त्याबद्दल तांत्रिक पुरस्कार दिला. लॅन्सिंग यांचं नाव प्रेक्षकांना कळलं नाही, पण धंद्यातल्या लोकांना ते चांगलंच कळलं.

एडिटिंगच्या खोलीतला काटा

थिएटरचा प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. सिनेमाचा आवाज काही थिएटरात बसून तयार होत नाही. शूटिंग झाल्यावर एका खोलीत माणूस बसतो. संवाद साफ करतो, पावलांचा, दाराचा, पावसाचा आवाज बसवतो, संगीत किती वर आणि किती खाली ते ठरवतो. हे सगळं तो समोरच्या स्पीकरवर ऐकून ठरवतो. त्याच्याकडे दुसरं माप नसतं.

बाजार समितीत काटाच खोटा असला, तर माल कितीही चोख असो, वजन चुकणारच. इथंही तसंच आहे. समोरचा स्पीकर बेस वाढवून ऐकवत असेल, तर माणूस बेस कमी करतो आणि थिएटरात सिनेमा पोकळ वाजतो. स्पीकर गोड लागत असेल, तर संवादातली खरखर त्याला ऐकूच येत नाही. ती ऐकू येते ती हजार प्रेक्षकांना, आणि तेव्हा काही करता येत नाही.

थिएटरचा राक्षसी कर्णा छोट्या खोलीत बसवता येत नव्हता, आणि घरगुती रेडिओच्या स्पीकरवर भरवसा ठेवता येत नव्हता. लॅन्सिंग यांनी १९३७ च्या सुमारास यावर तोड काढली. खाली पंधरा इंची बेस, वर लहान कर्णा, आवाजाचा बाज थिएटरच्या स्पीकरसारखा, पण खोलीत मावेल एवढा आकार. त्याचं नाव होतं आयकॉनिक. स्टुडिओंनी तो उचलून धरला. खोलीत जे ऐकलं तेच साधारण थिएटरात वाजेल, असा विश्वास त्यामुळे येऊ लागला.

आजही सिनेमाच्या आवाजासाठी स्पीकर निवडताना हाच मुद्दा पहिला असतो. प्रेक्षक कुठं आणि कशावर ऐकणार आहे, त्याच्याशी खोलीतला आवाज जुळला पाहिजे. थिएटरसाठी मिक्सिंग होतं त्या मोठ्या खोल्यांत आवाजाची पातळीही ठरलेली असते. पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरला ८५ डेसिबलच्या मापावर जुळवण्याची पद्धत आहे. रोज आवाज वरखाली केला तर कान फसतो, म्हणून हा नेम.

जोडीदार गेला आणि हिशेब कोलमडला

१९३९ मध्ये केन डेकर विमान अपघातात मरण पावले. हा घाव फार खोल बसला. पैसे येणार कुठून, द्यायचे कुणाला, माल कितीला विकायचा, हे सगळं डेकर बघत. लॅन्सिंग कारखान्यात युनिट घडवण्यात गुंग असत. एखादा भाग मनासारखा झाला नाही, तर तो पुन्हा करायचा, वेळ आणि पैसा किती गेला हे बघायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. डेकर गेल्यावर हिशेबाकडे बघणारं खंबीर माणूस राहिलं नाही आणि देणी वाढत गेली.

डिसेंबर १९४१ मध्ये अल्टेक या कंपनीनं लॅन्सिंग यांची कंपनी विकत घेतली. थिएटरांतली आवाजाची यंत्रं दुरुस्त करण्याचं काम ही कंपनी करायची. आता तिला स्वतःचा माल बनवायचा होता. नव्या कंपनीचं नाव अल्टेक लॅन्सिंग झालं आणि लॅन्सिंग तिथं इंजिनिअरिंगचे उपाध्यक्ष झाले.

डोक्यावरचं देण्याचं ओझं उतरलं, तसं त्यांचं काम फुललं. याच काळात ६०४ नावाचा स्पीकर तयार झाला. त्यात पंधरा इंची बेसच्या अगदी मधोमध वरच्या आवाजाचा छोटा कर्णा बसवलेला होता, म्हणजे दोन्ही आवाज एकाच जागेवरून निघत. छोट्या खोलीत जवळ बसून ऐकणाऱ्याला त्याचा मोठा फायदा झाला. पुढची कितीतरी वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओंत हा स्पीकर ठाण मांडून बसला.

आधीच्या मोठ्या स्पीकरांत मॅग्नेट चालवायलाही वेगळी वीज द्यावी लागे. युद्धाच्या काळात ताकदवान कायमचे मॅग्नेट मिळू लागले आणि ती भानगड संपली. १९४५ मध्ये अल्टेकनं थिएटरसाठी व्हॉइस ऑफ द थिएटर ही मालिका आणली. लॅन्सिंग आणि हिलिअर्ड पुन्हा एकत्र काम करत होते. जगभरच्या सिनेमागृहांत हे नाव पुढे अनेक वर्षं चाललं.

पुन्हा स्वतःचा कारखाना

अल्टेकशी केलेला पाच वर्षांचा करार संपताच १९४६ मध्ये लॅन्सिंग बाहेर पडले. स्वतःचा कारखाना, स्वतःच्या मनासारखं काम, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी लॅन्सिंग साउंड नावाची कंपनी काढली. पण लॅन्सिंग हे नाव अल्टेककडे गेलेलं. अल्टेकनं हरकत घेतली आणि स्वतःचंच आडनाव वापरायला लॅन्सिंग यांना अडचण आली. मग कंपनीचं नाव जेम्स बी. लॅन्सिंग साउंड असं करावं लागलं.

या कंपनीत त्यांनी डी-१३० हा पंधरा इंची स्पीकर बनवला. स्पीकर दुरुस्त करणाऱ्याला त्यातली हुशारी लगेच कळेल. साध्या कॉईलला गोल तार गुंडाळतात आणि दोन तारांमध्ये थोडी पोकळी राहते. लॅन्सिंग यांनी धातूची चपटी पट्टी काठावर उभी करून गुंडाळली. पोकळी जवळजवळ संपली आणि तेवढ्याच जागेत जास्त धातू बसला. शिवाय कॉईल तब्बल चार इंच व्यासाची. त्यामुळे थोड्या विजेवर मोठा आणि स्वच्छ आवाज निघाला. हेच तंत्र पुढे जेबीएलची ओळख बनलं.

माल असा, की धंद्यातले लोक बोट दाखवू शकत नव्हते. पण तिजोरी रिकामीच राहिली. मार्क्वार्ट या विमानांच्या क्षेत्रातल्या कंपनीनं काही काळ पैसा आणि जागा दिली. तिथले विल्यम थॉमस हिशेब बघू लागले. १९४९ मध्ये मार्क्वार्टचीच मालकी बदलली, आणि नव्या मालकांना स्पीकरच्या धंद्यात रस नव्हता. देणी पुन्हा डोक्यावर आली.

सप्टेंबर १९४९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, जेम्स लॅन्सिंग यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. माणूस असा निर्णय एकाच कारणानं घेत नाही, आणि त्यांच्या मनात शेवटी काय चाललं होतं हे कुणाला सांगता येणार नाही. पण देणी होती, धंद्याची काळजी होती, आणि भरवशाचा जोडीदार दहा वर्षांपूर्वीच गेला होता, एवढं मात्र खरं. दुसऱ्याच्या आवाजातली बारीक खरखर पकडणारी यंत्रं त्यांनी केली. त्यांच्या स्वतःच्या मनातली घालमेल मात्र आसपासच्यांना वेळेत कळली नाही.

नाव कसं टिकलं?

लॅन्सिंग गेल्यावर कंपनी बंद पडायला हवी होती. विल्यम थॉमस यांनी ती पडू दिली नाही. माल चांगला आहे, कमी आहे ती व्यवस्थेची, हे त्यांनी ओळखलं होतं. लॅन्सिंग कुटुंबाचा हिस्सा त्यांनी घेतला, हिशेबाला शिस्त लावली आणि कारखाना चालू ठेवला. अल्टेकशी नावावरून पुन्हा वाद नको, म्हणून पन्नासच्या दशकात पूर्ण नावाऐवजी तीन अक्षरं पुढे आली. जेबीएल. म्हणजे हे नाव जाहिरातवाल्यांनी थाटात सुचवलेलं नाही, भांडण टाळायला काढलेली ती वाट होती.

१९६९ मध्ये सिडनी हरमन यांच्या कंपनीनं जेबीएल घेतली. २०१७ पासून हरमन कंपनी सॅमसंगच्या मालकीची आहे. मधल्या काळात सिनेमाच्या पडद्यामागे आणि मिक्सिंगच्या खोल्यांत जेबीएलचे स्पीकर मोठ्या प्रमाणात बसले. २००२ मध्ये आधुनिक थिएटर स्पीकरच्या कामाबद्दल जेबीएलशी जोडलेल्या तीन इंजिनिअरांना ऑस्करच्या अकादमीनं तांत्रिक पुरस्कार दिला. लॅन्सिंग जाऊन तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं झाली होती.

गावात फिल्म करणाऱ्यांना यातून काय घेता येईल?

आज गावोगावची पोरं मोबाईलवर शॉर्टफिल्म आणि वेब सिरीज करतात. कॅमेऱ्यावर पैसे घालतात, पण आवाज मात्र मिळेल त्या स्पीकरवर ऐकून एडिट करतात. लॅन्सिंग यांनी दाखवलेली वाट त्यांनाही लागू पडते.

डीजेचा बॉक्स किंवा पार्टीचा ब्लूटूथ स्पीकर यावर आवाज एडिट करू नये, त्यावर जेबीएल लिहिलेलं असलं तरी. असे स्पीकर नाचायला मजा यावी म्हणून बेस फुगवून ऐकवतात. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे ओठ आणि संवाद यांचा मेळ तपासता येत नाही. वायरनं जोडलेले, आवाजात भर न घालणारे, स्टुडिओसाठीचे लहान मॉनिटर स्पीकर यासाठी बरे. ते जोडीनं आणि एकाच प्रकारचे घ्यावेत.

मांडणीही महत्त्वाची. दोन स्पीकर आणि बसणारा माणूस यांच्यातलं अंतर तिन्ही बाजूंनी सारखं असावं. स्पीकर कानाच्या उंचीला असावेत. खोलीच्या कोपऱ्यात घुसवले तर बेस उगाच वाढतो. पत्र्याच्या किंवा मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. जाड पडदे, गाद्या, घोंगड्या लावल्या तरी बराच फरक पडतो. आवाजाची पातळी एकदा ठरवून तिथंच ठेवावी. ओळखीचा, चांगला मिक्स झालेला सिनेमा त्याच स्पीकरवर आधी ऐकावा, म्हणजे कानाला अंदाज येतो.

आणि शेवटी मोबाईलवर ऐकून बघावं. कारण गावाकडची फिल्म बहुतेक लोक मोबाईलवरच बघणार आहेत. तिथं बेस येत नाही, त्यामुळे संवाद कळतो की नाही हे तिथंच तपासायचं. प्रेक्षक जिथं ऐकणार तिथला विचार करून खोलीतला स्पीकर निवडायचा, ही गोष्ट १९३७ मध्ये जेवढी खरी होती तेवढीच आज आहे.

धंद्यातल्यांसाठी लॅन्सिंग यांच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट आहे. डीजेचा सेट कर्जावर घेतलेले, साउंड सर्व्हिस चालवणारे, स्टुडिओ टाकलेले कितीतरी तरुण तालुक्या-तालुक्यात आहेत. हातात कसब असलं की हिशेब आपोआप जुळतो असं नाही. त्यासाठी डेकर किंवा थॉमस यांच्यासारखं माणूस सोबत लागतं, घरातलं असो नाहीतर बाहेरचं. आणि देण्याचा ताण असह्य होत असेल तर तो मनात न ठेवता कुणाशी तरी बोललं पाहिजे. सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते, आणि तिथं मराठीत बोलता येतं.